पहिली करवत: टेबल सॉ की बँडसॉ, आणि मधले काही महिने

घरच्या घरी सुतारकाम करायचं म्हटलं की पहिला मोठा खर्च करवतीवर होतो, आणि पहिला मोठा गोंधळही तिथेच उडतो. रंधा, पटाशी, गुण्या यांच्यावरून फारसं कुणी भांडत नाही. करवतीचा विषय निघाला की मात्र दहा माणसं दहा मतं देतात, आणि ज्याच्या घरी जे यंत्र असतं तेच पहिलं घ्यावं असं तो छातीठोकपणे सांगतो. मी नुकतीच या सगळ्यातून बाहेर पडले आहे. यंत्र घरात आलंय, बसलंय, चालतंय. डोक्यात ताजं आहे तोवर क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे याच उंबरठ्यावर असलेल्या कुणाला उपयोग होईल.

त्याआधी माझं सगळं काम हातकरवतीवर चालायचं. दोन करवती होत्या: एक छोटी, पाठीला पितळी पट्टी असलेली, सांध्यांसाठी, आणि दुसरी जपानी पद्धतीची, दोन्ही कडांना दात असलेली, ओढताना कापणारी. हातकरवतीच्या दातांत मुळात दोन जाती. उभ्या कापाचे, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालणारे दात सरळ घासलेले असतात आणि ते छोट्या पटाशीप्रमाणे लाकूड खरवडत पुढे जातात. आडव्या कापाचे दात तिरके घासून टोकदार केलेले असतात. ते आधी धागा तोडतात, मग भुसा बाहेर काढतात. आडव्या कापाची मला कधीच अडचण आली नाही. रेघ मारायची, अंगठ्याचा आधार द्यायचा, थोड्या वेळात तुकडा हातात. घोडं अडायचं ते उभ्या कापाशी. दोन इंच जाडीच्या कठीण लाकडाची हातभर फळी उभी कापायची म्हणजे सकाळ त्यातच जायची, आणि खांदा दुखायला लागला की काप रेघेवरून भरकटायचा. तो रंध्याने सरळ करताना आणखी लाकूड वाया जायचं. कामाची हौस होती, पण फळी तयार करण्यातच ती संपत होती.

फेब्रुवारीत ठरवलं की आता यंत्र घ्यायचं. मग वाचायला लागले, व्हिडिओ बघायला लागले, आणि महिना असाच गेला. वाचून ठरेना. कारण "सगळ्यात चांगली पहिली करवत" या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस काय बनवतो हे तो सांगतच नाही. जो स्वयंपाकघराची कपाटं करतो त्याचं सगळं आयुष्य प्लायच्या ८ बाय ४ फुटी शीटभोवती फिरतं. जो खुर्च्या करतो त्याला शीट कापायची वेळच येत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मी मधल्या मध्ये कोऱ्या वहीसमोर.

शेवटी यंत्रांचं वाचन बंद केलं आणि पुढच्या वर्षात मला काय काय करायचंय त्याची यादी केली. स्टूल, पुस्तकांचं शेल्फ, पलंगाशेजारचं छोटं टेबल, खणांच्या पेट्या, आणि झाकणाचे काही डबे. मग प्रत्येक वस्तूचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला कोणते काप लागतील ते समोर लिहिलं. कंटाळवाणं काम आहे, पण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. काप पाच प्रकारांत बसले: उभा काप, आडवा काप, जाड फळी उभी चिरून तिच्या पातळ फळ्या करणं, वक्र काप, आणि प्लायची शीट. आडवे काप संख्येने सर्वांत जास्त निघाले, पण ते सगळे छोटे होते आणि हातकरवतीने भागत होतं. शीट जवळपास नव्हतीच. खणांचे तळ आणि शेल्फची पाठ एवढंच, आणि ती विकत घेतानाच दुकानातून कापून आणता येते. उरलं काय, तर उभे काप, चिरकाम आणि पायांचे वक्र. हे लिहून झाल्यावर थोडं हलकं वाटलं. पण टेबल सॉ घ्यायचा हे मनात जवळजवळ पक्कं झालेलं होतं, त्यामुळे त्या यादीकडे मी काही दिवस काणाडोळा केला.

टेबल सॉबद्दल आकर्षण वाटायला कारणं आहेत. सपाट ओतीव टेबल, त्यातून वर आलेलं गोल पातं, बाजूला फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून पुढे सरकवायची सरळ आडपट्टी. फेन्स एकदा लावला की एका मापाच्या वीस पट्ट्या एका मापाच्याच निघतात. खाचा पाडता येतात, सांधे करता येतात, काप इतका स्वच्छ की रंध्याला फार काम उरत नाही. नेहमीचं पातं १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचं. ते सरळ असताना साधारण ७९ मिलिमीटर जाडीपर्यंत कापतं आणि ४५ अंशांत कललं की साधारण ५७.

ओळखीतल्या एका काकांचा छोटा फर्निचरचा कारखाना आहे. त्यांना विचारलं, एक दिवस येऊ का? ये म्हणाले. गेले तर त्यांनी मला यंत्र सुरूच करू दिलं नाही.

"आधी बंद यंत्रापाशी उभी राहा," ते म्हणाले. "आता सांग, तुकडा उलटा आला तर कुठून जाईल?"

मी पात्याच्या अगदी समोर उभी होते. त्यांनी मला दंडाला धरून एका बाजूला सरकवलं आणि मग समजावून सांगितलं. पात्याचे पुढचे दात टेबलाकडे खाली येतात, म्हणून लाकूड दाबून धरलं जातं. मागचे दात मात्र वर येत असतात. कापलेलं लाकूड मिटलं आणि त्याने मागच्या बाजूला पातं चिमटीत धरलं, किंवा तुकडा फेन्सपासून थोडा तिरका झाला, की मागचे दात त्याला उचलतात आणि माणसाच्या दिशेने भिरकावतात. मी घरी येऊन हिशेब केला: १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणूनच पात्याच्या मागे रायविंग नाइफ असते, पात्याबरोबर वरखाली होणारी पोलादी पट्टी, जी काप मिटू देत नाही. काकांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "ज्या टेबल सॉला ही पट्टी नाही, किंवा असून कुणी काढून ठेवली आहे, तो फुकट मिळाला तरी घेऊ नकोस."

मग त्यांनी मला शेजारी उभं राहून काही पट्ट्या कापू दिल्या, ढकलकाठीने, पातं लाकडाच्या थोडंसंच वर ठेवून. काप सुंदर आले. पण माझे हात घरी येईपर्यंत थरथरत होते हेही खरं. बोट लागताच पातं थांबवणारी यंत्रं आहेत हे मला माहीत होतं. स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये ती कल्पना मांडली आणि त्याच्या सॉस्टॉप कंपनीची पहिली यंत्रं २००४ मध्ये विक्रीला आली. पात्याला त्वचेचा स्पर्श झाला की ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं. ठोकळा आणि पातं दोन्ही बाद होतात, बोट राहतं. माझ्या अंदाजपत्रकात ते यंत्र कुठेच बसत नव्हतं. मात्र माझा निर्णय भीतीने झाला असं मला म्हणायचं नाही. नीट शिकून, सगळी कवचं लावून टेबल सॉ सुरक्षित वापरणारी असंख्य माणसं आहेत.

निर्णय फिरला तो खोलीमुळे. माझी खोली लांबट आहे, पण मोठी नाही. जमिनीवर चिकटपट्टीने यंत्राचा आकार आखला आणि हातात सहा फुटी पट्टी घेऊन कापण्याची नक्कल केली. कापताना लाकूड जेवढं यंत्राच्या अलीकडे लागतं तेवढंच कापून झाल्यावर पलीकडे जातं. आठ फुटी शीट उभी कापायची तर आठ फूट पुढे, आठ फूट मागे आणि मध्ये यंत्र. शिवाय बाजूने फिरायला जागा. कागदावर यंत्र बसत होतं, पण काम बसत नव्हतं. तुम्हीही चिकटपट्टीचा हा खेळ कराच, आणि करताना हातात खरंच लांब पट्टी घ्या; नुसत्या मापांनी अंदाज येत नाही. मला यातून एक चांगली गोष्ट कळली: दाराच्या रेषेत यंत्र ठेवलं तर लांब फळीचं शेपूट दारातून बाहेर जाऊ शकतं.

एप्रिलपर्यंत एकेक उमेदवार गळत गेला. मायटर सॉ फक्त आडवे काप करतो, आणि ते तर मला आधीच जमत होते. जिगसॉ वक्र कापतो, पण त्याचं पातं एकाच टोकाला धरलेलं असतं. जाड लाकडात ते खालच्या बाजूला वाकतं आणि कडा तिरपी येते. ट्रॅक सॉने मात्र चांगलीच झुंज दिली. रूळ फळीवर ठेवायचा, त्यावरून यंत्र सरकवायचं. रुळाच्या कडेची रबरी पट्टी रेघेवरच बसते आणि प्लायचे पापुद्रे उडू देत नाही. काम झालं की रूळ भिंतीला टांगला, खोली मोकळी. तुमची यादी शीटने भरलेली असेल तर पुढचं न वाचता तोच घ्या, असं मी म्हणेन. मला चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या हव्या होत्या. एवढ्याशा लाकडावर रूळ टेकवायलाच जागा नसते, दर वेळी बाजूला त्याच जाडीची दुसरी फळी लावून आधार करावा लागतो.

राहिला बँडसॉ. दोन चाकांवरून फिरणारं पट्ट्यासारखं अखंड पातं. यादीतले तिन्ही काप एकाच यंत्रात होतात: उभा काप, चिरकाम, वक्र. पातं कायम खालच्या दिशेने जातं, म्हणून लाकूड टेबलावरच दाबलं जातं आणि टेबल सॉसारखं उलटं फेकलं जात नाही. बोट मात्र तेही तितक्याच सहज कापतं, त्यात काही गैरसमज नको. लाकडासाठी पात्याचा वेग मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी पन्नासेक किलोमीटर. आणि ते लाकूड कमी खातं. टेबल सॉचं पूर्ण जाडीचं पातं एका कापात ३.२ मिलिमीटर खातं, पातळ पातं २.४ च्या आसपास. बँडसॉ साधारण एक मिलिमीटर. पन्नास मिलिमीटरची फळी चिरून चार करायच्या तर तीन काप, म्हणजे एकीकडे साडेनऊ मिलिमीटरचा भुसा आणि दुसरीकडे तीनचा. यातली मेखही सांगते: बँडसॉचा काप खरखरीत असतो, रंधा मारावाच लागतो, म्हणजे वाचलेलं थोडं लाकूड तिथे जातं. शिवाय टेबल सॉवर १५० मिलिमीटर रुंद फळी चिरायची तर दोन्ही कडांकडून दोनदा कापावं लागतं, आणि तेही जेमतेम पोचतं.

यंत्राचा प्रकार ठरला, पण यंत्र ठरायला बराच वेळ गेला. बँडसॉ अमुक इंची असं म्हणतात ते चाकाच्या व्यासावरून. १४ इंची यंत्रात पातं आणि उभा खांब यांच्यामधलं अंतर त्याहून थोडं कमी भरतं. चिरकाम करायचं असेल तर त्यापेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे वरची मार्गदर्शक, म्हणजे पात्याला बाजूंनी आणि मागून आधार देणारी जोडणी, टेबलापासून किती उंच जाते तो. जुन्या घाटाच्या १४ इंची यंत्रांत ही उंची सहा इंचांच्या आसपास असते. काहींना मध्ये ठोकळा बसवून ती बारापर्यंत नेता येते. मोटरच्या बाबतीत जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरवर जाऊ नका, पाटीवरचे वॉट बघा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. काही पाट्यांवर दोन आकडे असतात, एस१ आणि एस६. एस१ म्हणजे अखंड चालताना पेलणारी शक्ती. एस६ च्या पुढे ४० टक्के लिहिलं असेल तर तो आकडा दहा मिनिटांत चार मिनिटं भार आणि सहा मिनिटं रिकामं फिरणं, या हिशेबाचा असतो, म्हणून तो मोठा दिसतो. तुलना करायची तर एस१ शी एस१.

एक जुनं यंत्रही बघून आले. ओतीव लोखंडाचं, भक्कम, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. चाकं हाताने फिरवून बघितली, बेअरिंगचा आवाज नव्हता, चाकांवरचे रबर तेवढे तडकलेले होते आणि ते बदलता येतात. जीव गुंतलाच होता. मग मोटरची पाटी वाचली: तीन फेज, आणि माझ्या घरी वीज एकाच फेजची. मोटर बदलणं किंवा फेज बदलणारं उपकरण लावणं शक्य असतं, पण पहिल्याच यंत्राबरोबर ती विद्या शिकायची माझी तयारी नव्हती. कारखान्यातून निघालेलं यंत्र बघायला जाण्याआधी फोनवरच फेज विचारून घ्या.

विजेचं काम ऑर्डर देण्याआधी करून घेतलं. अशा यंत्रातली इंडक्शन मोटर, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट वीज ओढते. घरातले दिव्यांच्या लाइनवरचे एमसीबी, म्हणजे जास्त वीज गेली की आपोआप पडणारे स्विच, बऱ्याचदा अशा झटक्याला लगेच पडतात. इलेक्ट्रिशियनने खोलीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढली, आणि सी प्रकारचा एमसीबी बसवला, जो मोटरचा सुरुवातीचा झटका सहन करतो. लांबलचक, बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर यंत्र चालवू नका असंही त्याने बजावलं. व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. सोबत इंडक्शन आणि युनिव्हर्सल मोटरचा फरक आवाजात किती असतो तेही मला या काळात कळलं. कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर किंचाळते, इंडक्शन गुरगुरते. शेजारी राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. मी त्यांना आधीच जाऊन सांगून आले, आणि कोणत्या वेळेत यंत्र चालणार नाही तेही सांगितलं. हा भाग लोक लिहीत नाहीत, पण तुमच्याकडे भिंत सामाईक असेल तर एमसीबीइतकाच तोही महत्त्वाचा.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारून घेतलेल्या गोष्टी: यंत्र परत करायचं झालं तर वाहतूक कुणाच्या खर्चाने, गाडी दारापर्यंत येणार की रस्त्यापर्यंत, सुटे भाग कुठून मिळतात, आणि पात्याची लांबी किती. शेवटचा प्रश्न बारीक वाटतो, पण प्रत्येक यंत्राला ठरावीक लांबीचंच पातं लागतं. बऱ्याच १४ इंची यंत्रांना ९३ १/२ इंच, म्हणजे २३७५ मिलिमीटरचं लागतं आणि ते सगळीकडे मिळतं. एखाद्या यंत्राची लांबी जगावेगळी असेल तर दर वेळी पातं जोडून घ्यायला माणूस शोधावा लागतो. वॉरंटीचा कागदही नीट वाचला. त्यात घरगुती वापर आणि व्यावसायिक वापर वेगळे धरले होते, आणि पातं, रबर, बेअरिंग ही झिजणारी सामग्री वगळली होती.

यंत्र ठरलेल्या तारखेला आलं नाही. उद्या येईल, परवा येईल, असं ऐकत राहिले. वाट बघण्याचा तो काळ सगळ्यात कंटाळवाणा, कारण खोली रिकामी करून ठेवलेली आणि हातात काम नाही. मेच्या मध्यावर आलं ते एका कोपऱ्यात चेपलेल्या खोक्यात. चालकाला घाई होती. मी सही करण्याआधी पावतीवर "खोका चेपलेला, आतील माल तपासलेला नाही" असं लिहिलं आणि त्याच्यासमोरच फोटो काढले. आत काही बिघडलेलं नव्हतं, पण तो शेरा नसता आणि चाक वाकलेलं निघालं असतं तर पुढची पत्रापत्री माझ्याच गळ्यात आली असती. यंत्र शंभर किलोच्या आसपास होतं, दोन धडधाकट माणसं आधीच बोलावून ठेवली होती. वॉरंटीच्या नोंदणीला अनुक्रमांक लागतो आणि तो यंत्राच्या मागच्या पाटीवर असतो. भिंतीला लावण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.

पहिला दिवस पुसण्यात गेला. ओतीव टेबलावर गंज न चढण्यासाठी चिकट लेप असतो, तो रॉकेलसारख्या द्रावकाने काढून मेण चोळायचं. मग पातं बसवायचं. नवं पातं तीन वेटोळ्यांत बांधलेलं येतं, आणि बांधणी सोडली की ते झटक्यात उसळून उघडतं. हातमोजे, चष्मा, आणि हात अंगापासून दूर. उघडल्यावर दात वर बघतायत असं दिसलं तर यंत्र चुकीचं नसतं, पातं आतून बाहेर उलटायचं असतं. टेबलापाशी दात खाली बघायला हवेत.

जुळवणीला मी मुद्दाम घाई केली नाही. आधी सगळ्या मार्गदर्शक मागे सारल्या, पात्याला ताण दिला, आणि वरचं चाक हाताने फिरवत पातं रबराच्या मध्यावर धावेपर्यंत चाकाचा कल बदलणारा स्क्रू थोडा थोडा फिरवला. हे वीज काढून करायचं. मग मागचं बेअरिंग पात्याच्या पाठीजवळ आणलं, इतकं की रिकामं फिरताना ते हलू नये आणि लाकूड ढकललं की फिरू लागावं. बाजूच्या मार्गदर्शकांत कागदाएवढी फट ठेवली. त्या दातांच्या खाचांच्या किंचित मागेच हव्यात. दातांना टेकल्या तर दातांना दिलेला डावा-उजवा बाक जातो आणि पातं निकामी होतं. हे सगळं खालच्या मार्गदर्शकांसाठी परत, तेही टेबलाखाली मान वाकडी करून.

टेबल पात्याशी काटकोनात आहे का हे गुण्याने बघितलं, पण खात्री दुसऱ्या युक्तीने झाली. एका जाड ठोकळ्यात थोडा काप घेतला, यंत्र बंद केलं, ठोकळा वरची बाजू खाली करून पात्याच्या मागे नेला आणि तोच काप पात्याच्या पाठीवर सरकवून बघितला. टेबल कललेलं असेल तर चूक दुप्पट होऊन दिसते आणि पातं कापात शिरत नाही. माझं आधी शिरत नव्हतं. टेबलाखालचा थांब्याचा बोल्ट अर्धा आटा फिरवल्यावर ते अलगद आत गेलं.

यंत्र बसलं, पण सरळ कापेना. फेन्सला टेकवून ढकललेली फळी हळूहळू फेन्सपासून दूर जाऊ बघत होती. पातं आपल्या मर्जीच्या कोनात कापतं, याला ड्रिफ्ट म्हणतात. त्यावरचा इलाज साधा: फळीच्या कडेला समांतर रेघ मारायची, फेन्स काढून ती रेघ हाताने सांभाळत अर्ध्यापर्यंत कापायची, यंत्र थांबवायचं आणि फळी ज्या कोनात उभी आहे तो टेबलावर आखून घ्यायचा. फेन्स त्या कोनात लावला की झालं. पात्याचा मार्ग चाकावर थोडा हलवूनही हा कोन कमी होतो. पातं बोथट होऊ लागलं की ड्रिफ्ट पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून मी आता त्याकडे धार बघण्याचं माप म्हणूनही बघते.

पहिला खरा काप म्हणजे तीच दोन इंची कठीण फळी, जिच्यापायी माझी सकाळ जायची. यंत्राला काही मिनिटं लागली. मला आनंद झालाच, पण जास्त आश्चर्य भुशाचं वाटलं. बँडसॉचा भुसा बारीक असतो आणि खालच्या कपाटात साठतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यामुळे इथे कंजुषी नको. भुसा ओढणारं यंत्र, मास्क, कान झाकणं, ढकलकाठ्या, आणि दोन जादा पाती हा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढा झाला. अंदाजपत्रक करताना तो आधीच बाजूला काढा, नाहीतर यंत्र येतं आणि बाकीचं "पुढच्या महिन्यात" राहून जातं.

पात्यांबद्दल थोडं, कारण यंत्राबरोबर आलेलं पातं फारसं कामाचं नसतं. चिरकामासाठी अर्धा इंच रुंद, इंचात तीन दातांचं. वक्रासाठी पाव इंच रुंद, सहा दातांचं. त्याने साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येचा वळसा घेता येतो. नियम असा की लाकडात कोणत्याही क्षणी किमान तीन दात असावेत. १८ मिलिमीटरच्या फळीत सहा दातांच्या पात्याचे चारेक दात येतात, म्हणजे ठीक. १५० मिलिमीटर उंचीच्या चिरकामात तेच पातं लावलं तर भुसा भरायला खाचांत जागाच उरत नाही आणि पातं तापून वाकडं चालतं. पातं बदलायला मला आता पंधरा मिनिटं लागतात, म्हणून सगळे वक्र एका दिवशी, सगळं चिरकाम दुसऱ्या दिवशी.

आता जुलै संपतोय. दोन स्टुलांचे पाय झालेत, खणांच्या पेट्यांच्या फळ्या चिरून थप्पी लावून ठेवल्यात. काम थांबलं की मी पात्याचा ताण सैल करते. फार काळ ताणलेलं राहिलं तर रबरावर खळगा पडू शकतो. ताण सैल आहे अशी चिठ्ठी स्विचवर लावलेली आहे, कारण दुसऱ्या दिवशी तसंच सुरू करणं परवडणारं नाही. आडवे काप अजूनही हातकरवतीनेच करते. खाचा पाडायचं काम बँडसॉवर नीट होत नाही, त्यासाठी राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने खाचा कोरणारं हातयंत्र, लागेल, त्याची यादी वेगळ्या पानावर सुरू केली आहे. जुळवणीत कुठे अडलात तर आधी पातं नवं आहे का ते बघा. माझ्या यंत्राच्या निम्म्या तक्रारी नवं पातं चढवल्यावर मिटल्या.